पडदा, डोळा आणि दहा फूट अंतर : घरगुती चित्रगृहाच्या आकड्यांमागचा इतिहास

दूरचित्रवाणी संचांच्या मोठ्या दुकानात एका भिंतीवर वीस-पंचवीस पडदे एकाच वेळी झगमगत असतात. सगळ्यांवर तेच दृश्य चालू असते. पोपटाचे पंख, निळा समुद्र, फोडलेले डाळिंब. विक्रेता आकडे म्हणत जातो आणि गिऱ्हाईक मान डोलावत राहते. काही काळापूर्वी मीही असाच मान डोलावून ४३ इंची ४के संच घरी आणला. जुना संच फुल एचडी होता आणि त्याचा आकारही तेवढाच होता. नवा संच भिंतीवर लागला, सगळे नेहमीच्या जागी बसले आणि पाचच मिनिटांत आईने विचारले, "यात वेगळे काय आहे?" मला उत्तर देता आले नाही. दुकानात दोन तासांत एकानेही एक साधा प्रश्न विचारला नव्हता : तुम्ही पडद्यापासून किती दूर बसता?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडतो. संचाच्या खोक्यावर छापलेले आकडे आकाशातून पडलेले नाहीत. माणसाचा डोळा आणि कान मोजून कोणीतरी ते ठरवले. त्या मोजणीत आणि पुढच्या गणितात भारताचा आणि भारतीयांचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

सुरुवात डोळ्यापासून करू. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. हेर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने तो १८६२ मध्ये तयार केला. ज्याला आपण '६/६ नजर' म्हणतो ती म्हणजे सहा मीटरवरून सुमारे पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या रेघा सुट्या ओळखता येणे. कोनाच्या भाषेत ही मर्यादा एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, एवढी भरते. काही तरुण डोळे याहून बारीक पाहू शकतात, पण हिशेबासाठी एक कला हे माप पुरेसे प्रामाणिक आहे. दोन ठिपक्यांमधला कोन यापेक्षा लहान झाला की डोळ्याच्या दृष्टीने तो एकच ठिपका.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. त्या वेळी आपण ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रांची पद्धत स्वीकारली. पंचवीसचा आकडा आला तो विजेमुळे. आपल्या घरातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो, आणि त्या काळच्या संचांत चित्राचा वेग विजेच्या वेगाशी जुळला नाही तर पडद्यावर आडव्या सावल्या सरकत असत. सेकंदाला ५० अर्धचित्रे, म्हणजेच २५ पूर्ण चित्रे, असा तो मेळ होता. २५ गुणिले ६२५ म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. जुना संच सुरू केल्यावर लहान मुलांना एक अतिसूक्ष्म शीळ ऐकू येई आणि मोठे म्हणत, "कुठे काय आवाज येतोय?" ती शीळ या १५,६२५ हर्ट्झचीच होती. मोठ्यांचे कान तोवर त्या वारंवारतेला निवृत्त झालेले असत.

या ६२५ पैकी चित्राच्या वाट्याला ५७६ रेषा येत. ५७६ रेषांपैकी प्रत्येक रेषा एक कला एवढी दिसावी असे मानले, तर बसण्याचे अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापट निघते. २१ इंची जुन्या संचाची उंची ३२ सेंमी, म्हणून अंतर सुमारे १.९ मीटर. याहून जवळ गेल्यास रेषा डोळ्यांत खुपू लागत. "एवढ्या जवळून बघू नका" हा घरोघरचा दम डोळे बिघडण्याच्या भीतीने दिला जाई. ती भीती फारशी खरी नव्हती, पण अंतराचा सल्ला मात्र गणिताला धरूनच होता.

अंतराच्या प्रश्नाने १९७५-७६ मध्ये आपल्याकडे वेगळेच रूप घेतले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' म्हणजे उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग झाला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट कार्यक्रम पोहोचले. विक्रम साराभाई यांनी १९६९ मध्ये नासाशी करार घडवून आणला होता. त्यांच्या निधनानंतर यशपाल, एकनाथ वसंत चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रत्यक्षात आणला. गावात बसवलेली अँटेना सुमारे तीन मीटर व्यासाची आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती. तिच्याखाली एक संच आणि पुढे सगळे गाव. त्या काळच्या २४ इंची पडद्याची उंची जेमतेम ३७ सेंमी. त्यामुळे सहापटीच्या हिशेबाने उत्तम जागा दोन-सव्वादोन मीटरवर, आणि तिथे मावणार दहा-बारा माणसे. उरलेल्या गावाने चित्राचा आकार पाहिला, तपशील नव्हे. ध्वनीच्या बाबतीत मात्र तो प्रयोग काळाच्या पुढे होता. एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या येत असत, त्यामुळे एकच दृश्य दोन भाषांत ऐकवता येई. मल्टिचॅनेल ध्वनी म्हटले की आपल्याला स्फोट आणि विमाने आठवतात. आपल्या देशाने त्याचा उपयोग शेतकऱ्याला त्याच्या भाषेत बोलण्यासाठी केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तिकडे जपानमध्ये याच प्रश्नाचा उलट बाजूने विचार चालू होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके हिने पुढच्या पिढीच्या दूरचित्रवाणीवर संशोधन सुरू केले. ताकाशी फुजिओ हे त्या कामाचे प्रमुख नाव. या संशोधकांनी यंत्रापासून सुरुवात न करता प्रेक्षकापासून केली. चित्र किती रुंद असले म्हणजे माणसाला 'आपण तिथेच आहोत' असे वाटू लागते, हे त्यांनी लोकांना बसवून तपासले. आडवा कोन सुमारे ३० अंशांचा झाला की ही जाणीव ठळक होते, असे दिसले. तेवढा कोन हवा तर प्रेक्षकाने पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसायला हवे, आणि तेथून रेषा दिसू नयेत तर त्या हजाराहून अधिक हव्यात. शेवटी आकडा ठरला ११२५. तो अमेरिकेच्या ५२५ आणि युरोप-भारताच्या ६२५ या दोन्हींशी सोप्या गुणोत्तरात बसतो. आजचे १०८० रेषांचे फुल एचडी त्याच घराण्यातले आहे.

हिशेब करून पाहा. १०८० रेषा, प्रत्येकी एक कला, म्हणजे अठरा अंश. त्यावरून अंतर निघते उंचीच्या ३.२ पट. १६:९ पडदा तेथून ३१ अंश रुंद दिसतो. एचडी म्हणजे 'अधिक स्पष्ट चित्र' ही जाहिरातीतली व्याख्या झाली. मूळ व्याख्या 'अधिक जवळून, अधिक रुंद पाहता येणारे चित्र' अशी आहे. जवळ जायचे नसेल तर वाढवलेल्या रेषा डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

आता माझ्या ४३ इंची संचाकडे येतो. त्याची उंची साडेत्रेपन्न सेंमी. आमच्या बैठकीत सोफा भिंतीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर आहे. तेथून तो पडदा उभ्या दिशेने दहा अंशांचा दिसतो, म्हणजे ६०० कलांचा. सामान्य नजरेला त्यावर सहाशेच रेषा वेगळ्या कळणार. संचात २,१६० रेषा आहेत, मी पैसे २,१६० रेषांचे दिले, आणि दहा फुटांवर बसून आम्ही पाहतो ते ६०० रेषांचे चित्र. दिल्लीतल्या १९५९ च्या मानकात ५७६ होत्या. आईचा प्रश्न बरोबर होता.

४केचा खरा लाभ उंचीच्या १.६ पट अंतरावर मिळतो. ५५ इंची संचासाठी ते अंतर १.१ मीटर पडते. ८केसाठी अर्धा मीटर आणि वर थोडेसे. १ डिसेंबर २०१८ पासून जपानमध्ये ८के प्रक्षेपण सुरू झाले, पण त्यामागची कल्पना भिंत व्यापणाऱ्या पडद्याची आहे. दहा फुटांवर बसून एचडीचे मूळ वचन, तीस अंश रुंदी आणि सगळ्या १०८० रेषा, पुरे पदरात पाडायचे असेल तर संच ७५ इंची लागतो. तो परवडत नसेल किंवा भिंतीवर शोभत नसेल तर सोफा पुढे ओढावा. त्याला खर्च नाही. ४के संचांत रंगांची आणि उजेड-सावलीची व्याप्ती अनेकदा अधिक चांगली असते, आणि तो फरक दुरूनही दिसतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. पण मग विक्रेत्याने रेषांऐवजी त्याविषयी बोलावे.

एनएचकेच्या ११२५ रेषांपुढे एक मोठी अडचण उभी होती. एवढे चित्र पाठवायचे कसे? आजच्या भाषेत सांगायचे तर फुल एचडीच्या एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार केला की सेकंदाला १२४ कोटी बिट होतात. अमेरिकेत पुढे ठरलेल्या पद्धतीत एका वाहिनीतून सेकंदाला मावतात सुमारे १.९ कोटी. म्हणजे पासष्ट घागरी पाणी एका घागरीत भरायचे आणि पलीकडे पुन्हा पासष्ट घागरी काढायच्या. जपानने 'म्यूज' नावाच्या अ‍ॅनालॉग युक्तीने चित्र आवळून १९८९ मध्ये दररोज तासभराचे उपग्रह प्रक्षेपण सुरू केले. युरोपने स्वतःची अ‍ॅनालॉग पद्धत पुढे आणली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने संपूर्ण अंकीय एचडीचा प्रस्ताव मांडला आणि दोन्ही प्रयत्न एका रात्रीत जुने झाले.

ती घागर भरण्याची युक्ती तोवर सोळा वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती शोधणारे भारतीय होते.

पावसाळ्यात डीटीएचचे चित्र अडखळते तेव्हा काय दिसते ते आठवा. कलाकाराच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात, काही चौकोन गोठतात, काही भलत्याच रंगाचे होतात. जुन्या अ‍ॅनालॉग संचात बिघाड झाला की 'मुंग्या' येत, नव्यात चौकोन येतात. ते चौकोन म्हणजे नासिर अहमद यांच्या गणिताचे उघडे पडलेले टाके आहेत.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० मध्ये बेंगळुरूचा. तेथल्याच विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६१ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात गेले, १९६६ मध्ये पीएच.डी. झाले आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. त्यांना पडलेला प्रश्न तांत्रिक होता, पण ठिपक्यांच्या रांगोळीवरून तो समजू शकतो. आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन घ्या. प्रत्येक ठिपक्याची उजळता लिहायची तर चौसष्ट संख्या लागतात. परंतु खऱ्या चित्रात शेजारचे ठिपके एकमेकांसारखेच असतात. आकाशाच्या तुकड्यात निळा रंग वरून खाली हळूहळू फिका होतो, गालावर सावली हळूहळू गडद होते. म्हणून ठिपके एकेक सांगण्याऐवजी 'सगळा चौकोन सरासरी एवढा उजळ, त्यात डावीकडून उजवीकडे एवढी हळुवार लाट, वरून खाली एवढी' असे सांगितले तर पहिल्या काही संख्यांतच बहुतेक चित्र येते. उरलेल्या संख्या अतिशय बारीक चढउतारांच्या असतात. त्या बहुधा शून्याजवळ असतात, आणि नसल्या तरी डोळा त्यांच्याबाबत उदार असतो. त्या ढोबळ केल्या किंवा गाळल्या की जागा वाचते.

कोणत्या लाटा वापरायच्या हा खरा प्रश्न. सैद्धांतिकदृष्ट्या सर्वोत्तम उत्तर ठाऊक होते, त्याला कारुनेन-लोव्ह रूपांतर म्हणतात. त्यात अडचण अशी की प्रत्येक प्रकारच्या विदेसाठी लाटांचा संच नव्याने काढावा लागतो आणि तो झटपट काढण्याची रीत नाही. अहमद यांनी कोज्या फलनाच्या, म्हणजे कोसाइनच्या, ठरावीक लाटा वापरून पाहायचे ठरवले. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. एका परीक्षकाला ती कल्पना फारच साधी वाटली होती, असे अहमद यांनी पुढे १९९१ मध्ये लिहिलेल्या आठवणीत सांगितले आहे.

अनुदान नसताना काम चालूच राहिले. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन यांनी आकडेमोड केली. टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन येथील शाखेतले के. आर. राव सहभागी झाले. साध्या कोज्या लाटांचा निकाल सर्वोत्तम सैद्धांतिक उत्तराच्या इतका जवळ आला की त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले. जानेवारी १९७४ मध्ये 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' या शीर्षकाचा जेमतेम चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखक तीन : अहमद, नटराजन, राव.

त्या चार पानांवर पुढे काय काय उभे राहिले! मोबाइलमधले जेपीईजी छायाचित्र, व्हिडिओ कॉलची आरंभीची पद्धत, व्हीसीडी, डीव्हीडी, डीटीएच आणि अंकीय केबलवरचे एमपीईजी-२. नंतरच्या पद्धतींतही त्याचेच पूर्णांकी भाऊबंद आहेत. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या, तेव्हा भारतात बनलेले ते चित्र बेंगळुरूच्या एका मुलाच्या कल्पनेवर स्वार होऊन घरोघर गेले. त्या वेळी कोणाला याची आठवण झाली असेल असे वाटत नाही. आपल्या शालेय पुस्तकांत रामन येतात, बोस येतात, आणि यायलाच हवेत. अहमद, नटराजन आणि राव यांची नावे मात्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातही अनेकांना नीट माहीत नसतात. सूत्र पाठ असते, माणसे नाहीत.

या गणिताचा संचनिवडीशी थेट संबंध आहे. पडदा कितीही उत्तम असो, वाहिनीने घागर किती आवळली आहे यावर चित्र ठरते. कमी दराने पाठवलेला प्रवाह ७५ इंची पडद्यावर पाहिला की गर्दीच्या आणि धावत्या दृश्यांत चौकोन उघडे पडतात. लहान पडदा ते झाकून नेतो. दुकानातल्या डाळिंबावर ते कधीच दिसत नाहीत, कारण ती फीत मुद्दाम सढळ दराने बनवलेली असते. म्हणून दुकानात जाताना आपण घरी जे पाहतो त्यातलेच काही लावून मागावे. क्रिकेटच्या सामन्यातले हिरवे मैदान ही उत्तम परीक्षा आहे, कारण गवत चौकोनांना फार छळते. त्याबरोबर संच 'स्टोअर' किंवा 'व्हिव्हिड' अवस्थेतून काढून 'सिनेमा' अवस्थेत टाकायला सांगावे. पांढरा रंग एकदम पिवळट वाटेल. दहा मिनिटे थांबा, डोळा निवळतो, आणि मग निळसर झगमगाटच खोटा होता हे कळते.

चित्राविषयी बोलता बोलता आपण ध्वनीच्या दाराशी आलोच आहोत, कारण डीव्हीडीवरच्या आणि अनेक एचडी वाहिन्यांवरच्या डॉल्बी डिजिटल ध्वनीतही अहमद यांच्याच रूपांतराची १९८७ मधली एक सुधारित आवृत्ती काम करते. आणि डॉल्बी या नावाचा भारताशी संबंध आहे.

रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंता. विद्यार्थिदशेतच त्यांनी अ‍ॅम्पेक्स कंपनीत पहिल्या व्यावहारिक व्हिडिओ टेप यंत्रावर काम केले, नंतर केंब्रिजला डॉक्टरेट मिळवली. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षे ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. नेमणूक होती चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत. त्या काळात ते भारतीय संगीताचे ध्वनिमुद्रण करत. टेपवर मुद्रण करणाऱ्या प्रत्येकाला एक शत्रू भेटतो : सततची 'स्स्स' अशी खरखर. ढोल वाजतो तेव्हा ती ऐकू येत नाही, मोठा आवाज तिला झाकतो. पण तानपुऱ्याचा नाद विरत जातो, आलाप हळू होतो, तेव्हा ती पुढे येते. यातच उपायाचे बीज होते. मुद्रण करताना केवळ हळू आवाज उचलून मोठे करायचे, ऐकवताना ते तितकेच खाली आणायचे. आवाज मूळपदावर येतो आणि त्याच्याबरोबर खरखरही खाली दाबली जाते. मोठ्या आवाजांना हात लावायचाच नाही, तिथे कान स्वतःच काम करतो. १९६५ मध्ये लंडनला जाऊन डॉल्बींनी प्रयोगशाळा काढली आणि पुढच्या वर्षी हे यंत्र ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे गेले. १९७० च्या दशकात ते चित्रपटगृहांत शिरले, १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड घरात आले आणि १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटलचा पहिला चित्रपट झळकला.

घरासाठी ध्वनियंत्रणा निवडताना मात्र डॉल्बींपेक्षा एका जुन्या भौतिकशास्त्रज्ञाचे ऐकावे असे माझे मत आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला एक नवे व्याख्यानगृह मिळाले होते, आणि त्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहात असे. पहिला शब्द विरण्यापूर्वी वक्ता दहावा-पंधरावा शब्द बोललेला असे, आणि श्रोत्यांना काहीच कळत नसे. हे प्रकरण वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्याच्याकडे ऑर्गनची एक नळी, एक कालमापक आणि स्वतःचे कान होते. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो सहकाऱ्यांसह रात्री उचलून आणी, मांडी, घुमण्याचा काळ मोजी आणि पहाटेपूर्वी गाद्या परत नेई. त्यातून सूत्र निघाले : घुमण्याचा काळ हा खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मीटरमध्ये मापे घेतली तर स्थिरांक ०.१६१.

आता आपल्याकडची एक नवी, रिकामी बैठक घेऊ. चार मीटर लांब, साडेतीन रुंद, तीन उंच. घनफळ ४२ घनमीटर, सर्व पृष्ठे मिळून ७३ चौरस मीटर. सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी सरासरी तीन टक्के ध्वनी शोषतात असे धरले तर घुमण्याचा काळ तीन सेकंदांच्या आसपास जातो. तिथे लाखाची यंत्रणा ठेवा, संवाद कळणार नाहीत, आणि मग आपण 'आवाज वाढव, आवाज वाढव' करत राहू. सोफा, जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि चार माणसे मिळून दहा चौरस मीटरचे शोषण वाढले तर तोच काळ अर्ध्या सेकंदाजवळ येतो. थंड देशांत गालिचे आणि लाकडी भिंती मुळातच असतात, म्हणून तिकडचे सल्ले स्पीकरपासून सुरू होतात. आपले सल्ले पडद्यांपासून सुरू व्हायला हवेत, म्हणजे कापडाच्या पडद्यांपासून.

वॉटचा आकडाही एकदा तपासून घ्यावा. १९९० च्या दशकात म्युझिक सिस्टिमवर 'पीएमपीओ' या नावाने हजारो वॉट छापलेले असत. तो क्षणभराच्या शिखराचा आणि बराचसा कल्पनेचा आकडा होता. आरएमएस वॉट हाच खरा. कान गुणोत्तराने ऐकतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती साधारण दहापट लागते, त्यामुळे १०० वॉट आणि २०० वॉट यांतला फरक जेमतेम जाणवतो. पैसे मर्यादित असतील तर संवादासाठी समोर मध्यभागी एक चांगला स्पीकर घ्यावा. संवाद चेहऱ्याकडून आला पाहिजे. मागचे स्पीकर नंतर जोडता येतात. खर्जाचा सबवूफर कोणत्याही कोपऱ्यात चालतो, कारण ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी चार मीटरहून अधिक असते आणि एवढी लांब लाट कुठून आली हे कानाला सहसा कळत नाही.

प्रोजेक्टरविषयी थोडक्यात. लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये हलत्या सूक्ष्म आरशांची चिप बनवली. आज अनेक प्रोजेक्टरांत तीच असते. घरगुती वापरात चिपपेक्षा खिडकी महत्त्वाची ठरते. १०० इंची पडद्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. १,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर सुमारे ३६० लक्स उजेड टाकतो. खोलीतला उजेड १०० लक्स असेल तर पडद्यावरचा 'काळा' रंगही १०० लक्सचाच असतो, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळे यांचे प्रमाण साडेचारास एक. चित्र धुऊन निघाल्यासारखे दिसते. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड न टाकण्याचे काम करतो. खोली अंधारी करता येत असेल तरच हा मार्ग घ्यावा, आणि ल्युमेन 'एएनएसआय' मापातले आहेत ना हे विचारावे. स्वस्त यंत्रांच्या खोक्यांवर बहुधा दिव्याचे ल्युमेन छापलेले असतात, पडद्यावर पोहोचलेले नव्हेत.

आमचा ४३ इंची संच अजून भिंतीवर आहे. गेल्या महिन्यात सोफा चार फूट पुढे ओढला आणि मागे पुस्तकांचे कपाट आणले. सहा फुटांवरून, म्हणजे १.८३ मीटरवरून, तोच पडदा जवळपास हजार कलांचा दिसतो. खिडकीला जाड पडदे शिवून घेतले, फरशीवर जुनी सोलापुरी सतरंजी टाकली. परवा एक सामना पाहताना आईने चष्मा सारखा केला, पुढे वाकली आणि म्हणाली, "चेंडूची शिवण दिसतेय की रे."

मग बाहेर पाऊस वाढला आणि गोलंदाजाचे चौकोन झाले.